पडलेला वस्तरा आणि दुसरी जखम

वस्तऱ्याने दाढी करणारे आता राहिले कुठे, असे वाचकांना वाटेल. पण घरच्या घरी वस्तरा चालवणारी माणसे अजून आहेत. काही जण वडिलांचा किंवा आजोबांचा वस्तरा जिवापाड जपतात. अलीकडे काही तरुण मुलेही हौसेने असा वस्तरा मागवतात. दोन्ही प्रकारची मंडळी माझ्याकडे येतात ती एकाच अवस्थेत, हनुवटीला नाहीतर बोटाला रुमाल दाबून. जखमेचे मी पाहतोच. पण ज्या वस्तऱ्याने ती झाली त्याचे पुढे काय केलेत, हेही मी हल्ली आवर्जून विचारतो. वस्तरा पडला त्या दिवशीची जखम बहुधा साधी असते. तोच वस्तरा पुन्हा हातात घेतला की होणारी दुसरी जखम जास्त त्रास देते.

एक उदाहरण देतो. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक. वडिलांचा जर्मन पोलादाचा वस्तरा वापरतात. एके सकाळी साबणाच्या हातातून तो निसटला, हनुवटीला चाटून गेला आणि बेसिनच्या पितळी नळावर आपटला. काप लहान होता. दाबून धरल्यावर रक्त थांबले, म्हणून सर माझ्याकडे आलेच नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी वस्तरा तळहातावर चार वेळा घासला, चामड्याच्या पट्ट्यावर दहा वेळा फिरवला आणि दाढीला बसले. त्या दिवशी मात्र मुलाने त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणले. जबड्याच्या कडेला दीड इंचाची जखम, कडा फाटक्या, मांजराने ओरबाडावे तशा. हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना ॲस्पिरिन चालू आहे, त्यामुळे रक्तही थांबेना. टाके घालून झाल्यावर सरांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला वस्तरा काढला आणि म्हणाले, "डॉक्टर, मला शिवलंत, आता याचं काय करायचं ते सांगा."

मी तो भिंगाखाली धरला. धारेच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा एक खांडा आणि त्याच्या शेजारी दोन बारीक दाते. नुसत्या डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नव्हते.

हे का घडते ते समजून घ्यायला हवे. चांगल्या पाजळलेल्या वस्तऱ्याची धार दाढीच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. इतकी बारीक धार टिकावी म्हणून पोलाद फार कडक ठेवतात. कडक पोलाद ठिसूळही असते. भाजीची सुरी आपटली तर तिची धार बहुधा दुमडते, वस्तऱ्याची मात्र चटकन टवका उडते. टवका उडाला की तिथे दोन टोके तयार होतात. ही टोके केस कापत नाहीत, कातडी पकडतात आणि फाडतात. शाबूत धारेने झालेल्या कापाच्या कडा एकमेकींना नीट जुळतात, म्हणून तो लवकर भरतो आणि वण बारीक राहतो. फाटलेल्या कडा जुळत नाहीत, मधे मेलेले पेशीजाल राहते आणि जंतूंना आयतीच जागा मिळते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांचे आठ दोष दिले आहेत. त्यात 'खंड', म्हणजे तुटलेले, आणि 'खरधार', म्हणजे खरबरीत धारेचे, हे दोन आहेतच. खरधार दोषाला एकच अपवाद सांगितला आहे, तो करवतीचा, कारण ती हाड कापण्यासाठी असते. खांडा पडलेला वस्तरा म्हणजे गालावर चालवलेली लहानशी करवतच. त्याच अध्यायात धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. म्हणजे दगडाचे काम वेगळे आणि फळीचे वेगळे. हा फरक सरांच्या ध्यानात राहिला नाही आणि तिथेच घोटाळा झाला.

वस्तऱ्याकडे वळण्यापूर्वी जखमेविषयी. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून छोट्या कापातूनही बेसिन लाल होते. घाबरू नये. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ कापडाची घडी ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटे घट्ट दाबावे. मधे उचलून पाहू नये. बहुतेक लोक दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात आणि मग रक्त थांबत नाही म्हणतात. तुरटीने बारीक ओरखड्याचे रक्त थांबते हे खरे, कारण तिने कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पण खोल कापावर तुरटी चोळून उपयोग नाही. हळद, कॉफी, तंबाखूची मशेरी, चुन्याची निवळी, टूथपेस्ट यांतले काहीही जखमेत भरू नये. ते काढून जखम धुण्यातच आमचा अर्धा तास जातो.

दहा-दहा मिनिटे दोनदा दाबूनही रक्त थांबले नाही, जखम उघडी राहात असेल, ओठाची कडा किंवा कानाची पाळी कापली असेल, मानेवरचा काप खोल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाट पाहू नये. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. सरांनी दोन दिवस ॲस्पिरिन घेतली नाही असे नंतर कळले, तेव्हा मी त्यांना चांगलेच रागावलो. गालाचा काप भरून येतो, बंद पडलेला स्टेंट जिवावर बेततो. धनुर्वाताच्या इंजेक्शनला आपण वर्षानुवर्षे टीटी म्हणत आलो. त्याच्या जागी आता टीडी मिळते, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असते. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांतून एकदा पुरते. जखम मळकट असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तर पुन्हा घ्यावे लागते. प्रत्येक ओरखड्याला इंजेक्शन मागायला येण्याचे कारण नाही.

आता वस्तरा. पहिले काम तो धुण्याचे, पाजळण्याचे नव्हे. रक्त लागलेला वस्तरा तसाच दगडावर आणि पट्ट्यावर फिरवला तर रक्त दगडाच्या छिद्रांत आणि चामड्यात जाते, आणि चामडे काही उकळून घेता येत नाही. एकाच माणसाचा वस्तरा असेल तर धोका फारसा नाही. पण बाप-लेक, भाऊ-भाऊ एकच वस्तरा वापरत असतील किंवा पाजळायला बाहेर देणार असाल, तर ही बाब महत्त्वाची ठरते. हिपॅटायटिस बी म्हणजे काविळीचा एक प्रकार. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या थेंबातूनही लागण होऊ शकते. म्हणून वस्तरा उघडून, धार आपल्यापासून दूर ठेवून, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मूठ आणि पाते जोडणाऱ्या खिळीच्या सांध्यात रक्त अडकते, तिथे जुना दात घासायचा ब्रश चालवा. पुसताना फडके पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेच्या रेषेत ओढू नये. मग स्पिरिटने पुसून कोरडा करा.

काही जण वस्तरा ब्लीचिंगच्या पाण्यात टाकून ठेवतात. जंतू मरतात, पण पोलाद गंजते आणि सर्वांत आधी धार खाल्ली जाते. काही जण उकळतात. उकळत्या पाण्याने पात्याचे पाणी उतरत नाही. पण जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात, त्या वाकतात. सेल्युलॉइड तर पटकन पेट घेते. आणि गॅसच्या ज्योतीवर पाते धरण्याचा प्रकार मुळीच करू नये. पाते निळसर झाले की त्याचे पाणी उतरले, मग कोणी कितीही पाजळा, धार टिकणार नाही.

नंतर तपासणी. खिडकीशी बसून धार आपल्याकडे करून वस्तरा उजेडात हळूहळू फिरवा. शाबूत धार दिसतच नाही, तिथे फक्त काळी रेघ असते. जिथे खांडा किंवा बोथटपणा आहे तिथे उजेड चमकतो. दुसरा उपाय मला आमच्या विद्यार्थिदशेतला आठवतो. तेव्हा खेड्यापाड्यांत इंजेक्शनच्या सुया उकळून पुन्हा वापरत आणि बोथट झाल्या की कंपाउंडर त्या दगडावर घासत. टोकाला आकडा राहिला की नाही हे पाहायला ती सुई कापसावरून ओढत. आकडा असला की तंतू अडकत. (ती पद्धत गेली हे फार चांगले झाले.) तसाच काडीला गुंडाळलेला कापूस धारेवरून अगदी हलका फिरवा, खांड्यापाशी तो अडकेल. काडीला गुंडाळलेला म्हणतो, बोटात धरलेला नव्हे.

आता दगड आणि पट्टा यांतला फरक. चामड्याचा पट्टा धार तयार करत नाही. तो फक्त तयार असलेली, किंचित कललेली धार सरळ करतो. धार नुसती कलली असेल तर पट्ट्याने भागते. टवका उडाला असेल तर पट्टा पन्नास वेळा फिरवला तरी खांडा भरत नाही, उलट पट्टाच कापला जातो आणि तो कापलेला पट्टा पुढची चांगली धारही बिघडवतो. खांडा म्हणजे रिकामी जागा. तो घालवायचा तर बाकीची सगळी धार खांड्याच्या तळापर्यंत मागे आणावी लागते. सरांच्या वस्तऱ्यात अर्धा मिलिमीटर. अशा वस्तऱ्याची रुंदी साधारण सोळा मिलिमीटर असते, तेव्हा अर्धा गेला तर त्याचे आयुष्य काही संपत नाही.

हे काम सायकलवर चाक बसवून 'कात्रीसुरीला धार' असे ओरडत येणाऱ्या कारागिराकडे देऊ नका. तो आपल्या कामात वाकबगार असतो, पण त्याचे काम वेगळे. फिरत्या चाकाची उष्णता वस्तऱ्याच्या पातळ धारेला सोसत नाही आणि धारेचा कोन जातो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या घडणीतच ठरलेला आहे. पाते दगडावर आडवे टाकले की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि कोन आपोआप येतो, साधारण पंधरा ते वीस अंश. पाठ उचलली की कोन बिघडला. म्हणून दगड आरशासारखा सपाट हवा. स्वयंपाकघरातली सहाण मधे खोलगट झालेली असते, ती चालत नाही. ओट्याच्या कडप्प्यावर घासून पाहणारेही भेटतात.

आमच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या सलूनवाल्यांना मी हे काम करताना पाहिले आहे. वडिलांच्या धोकटीतले दगड त्यांनी सांभाळून ठेवले आहेत, त्यात दोन नव्या दगडांची भर घातली आहे. आधी जाड कणांचा दगड, ज्यावर १००० असा आकडा असतो. त्यावर पाणी टाकून, पाठ टेकवून, धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा. टोकाला आले की पाठीवर कूस बदलायची, धारेवर कधीच नाही. जितके हात एका बाजूने तितकेच दुसऱ्या बाजूने. दाब अगदी कमी. मधूनमधून भिंगाने पाहायचे. खांडा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या दगडावर जायचे नाही, हा त्यांचा नियम. मग ४०००-५०००चा दगड, मग ८०००चा, आणि जमल्यास त्याहून बारीक. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतो. शेवटी पट्टा, आणि पट्ट्यावर उलटी दिशा: पाठ पुढे, धार मागे, चाळीस-पन्नास हात, पट्टा ताणून धरलेला. सरांच्या वस्तऱ्याला त्यांनी जवळजवळ दोन तास घेतले. पैसे किती म्हटल्यावर म्हणाले, "सरांनीच मला पाढे शिकवले, त्यांच्याकडून काय घ्यायचे?"

नवशिक्याने हे काम वारशाच्या वस्तऱ्यावर शिकू नये. दाढीला येणारी धार राखणे, म्हणजे रोजचा पट्टा आणि दोन-चार महिन्यांनी बारीक दगडावर थोडे हात, हे घरी जमते. खांडा काढणे जाणकारावर सोपवावे. मात्र नव्या पिढीतले बरेच सलूनवाले अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरतात. त्यांच्यातल्या पुष्कळांनी कधी दगड हाती घेतलेला नसतो, तेव्हा विचारून द्यावा.

काही वस्तरे दुरुस्त करूच नयेत. खांड्यापासून आत केसासारखा तडा गेलेला दिसला, किंवा धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील, तर तो वस्तरा मोडीत निघाला असे समजा. दाढी करताना तुकडा तुटून कातडीत राहू शकतो. वडिलांची आठवण म्हणून पेटीत ठेवायला हरकत नाही. टाकायचाच तर जाड पुठ्ठ्यात बांधून, दोऱ्याने आवळून टाका. उघडा टाकलेला वस्तरा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जातो.

दुरुस्त होऊन आल्यावर धार अंगठ्यावर तपासू नका. हातावरच्या केसांवर, कातडीपासून थोडी वर धरून पाहा. केस न ओढता तुटला पाहिजे. केस तुटणे हीच कसोटी सुश्रुतानेही सांगितली आहे. पहिली दाढी गालाच्या सपाट भागावर करावी, गळ्यावर आणि ओठावर नाही. जुनी जखम भरून खपली पडेपर्यंत तर तिथे कोणताच वस्तरा लावू नये. सरांना मी तीन आठवडे दाढी वाढवायला सांगितले. त्यांना ते शिक्षेसारखे वाटले, पण त्यांची नात खूश होती.

वस्तरा मुळात निसटला का, हेही डॉक्टरने पाहायला हवे. तीस वर्षे न निसटलेला वस्तरा एकाएकी निसटतो तेव्हा कधी साबण कारण असतो, कधी हात. सरांना मी दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद बारीक थरथरत होता. वजनही चार किलो उतरले होते, ते त्यांनी वयावर ढकलले होते. रक्त तपासले तेव्हा थायरॉईडचे प्रमाण वाढलेले निघाले. औषध चालू केल्यावर दोन-तीन महिन्यांत थरथर पुष्कळ कमी झाली. प्रत्येकाला थायरॉईडच असेल असे नाही. वयोमानाचा कंप, कंपवात, मोतीबिंदू, दम्याच्या काही औषधांचा परिणाम, मधुमेहाची गोळी घेऊन न खाता दाढीला बसणे, यांपैकी काहीही असू शकते. पण हात थरथरत असताना वस्तरा वापरू नये, साधे सुरक्षित रेझर घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. निसटलेला वस्तरा झेलू नका. हात आपोआप पुढे जातो, मला कळते. पण या सवयीपायी एका तरुणाच्या करंगळीची शीर, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, तुटलेली मी पाहिली आहे. जखम जेमतेम अर्ध्या इंचाची. रक्त थांबले म्हणून तो चार दिवस पट्टी बांधून हिंडला. आला तेव्हा करंगळी वाकत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, तरी बोट पूर्ण मिटत नाही. बोटाला काप गेल्यावर बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवून पाहा आणि टोकाला स्पर्श कळतो का ते पाहा. एकही सांधा वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी दाखवा. वस्तरा पडू द्या. मागे सरा, पाय वाचवा. पोलाद दुरुस्त होते.

सलूनमध्ये दाढी करणाऱ्यांसाठी थोडे. ब्लेड आपल्यासमोर नवे लावायला सांगा. पुष्कळ कारागीर न सांगताच लावतात. तुरटीचा एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो, तो नको म्हणा किंवा आपला नेत चला. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या वस्तऱ्याने काप गेला अशी शंका असेल तर घरी बसून काळजी करू नका. एचआयव्हीची लागण या मार्गाने होणे फार विरळ आहे, पण प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या झाल्याच तर त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, म्हणून सरकारी रुग्णालयात लगेच विचारा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तिचा पहिला डोस शक्यतो २४ तासांत घ्यावा. देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमातून २०११ पासून मिळू लागली, त्यामुळे आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ती घेतलेली नाही. मोठ्यांना तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. स्वतः सलून चालवणाऱ्या आणि धार लावणाऱ्या मंडळींनी तर ती घ्यावीच, रोज दुसऱ्याचे पाते त्यांच्या हातात असते.

राहिली वस्तरा ठेवण्याची जागा. न्हाणीघरात ठेवू नका, तिथल्या दमटपणाने धारेवर गंज चढतो आणि तो दगडाशिवाय निघत नाही. दाढी झाल्यावर धुऊन, कोरडा करून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्याला पुसा. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होते. पुढच्या वेळी तेल साबणाने काढून मगच वापरा. बेसिनच्या तळाशी जुना टॉवेल घडी करून पसरला तर निसटलेला वस्तरा त्यावर पडेल आणि धार वाचेल. नळावर पडला तर मात्र नाही, म्हणून सरांनी आता नळालाही फडके गुंडाळले आहे. घरात लहान मूल असेल तर वस्तरा कुलपात, आणि किल्ली मुलाच्या हाताला न लागेल अशी.